युद्धकैदी आणि राष्ट्राचे दायित्व : १९७१ च्या युद्धानंतरच्या प्रश्नाचा विचार

युद्धाला तोंड लागले की कायद्याचा आवाज क्षीण होतो, ही समजूत फार जुनी आहे; आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. तथापि गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत राष्ट्रांनी आपल्याच स्वाक्षऱ्यांनी जो युद्धविषयक कायदा निर्माण केला, त्याचा हेतू या समजुतीला छेद देण्याचाच आहे. शांततेच्या काळात शांत चित्ताने स्वीकारलेली बंधने क्षोभाच्या काळात पाळावयाची, हे या कायद्याचे मर्म होय. या बंधनांची संख्या मोठी आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच बंधनाचा विचार करावयाचा आहे. लढाई थांबल्यानंतर युद्धकैद्यांना मुक्त करून मायदेशी पाठवण्याचे दायित्व राष्ट्रावर कोणत्या स्वरूपाचे असते, आणि ते अन्य प्रश्नांच्या वाटाघाटींशी जोडता येते काय, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा करण्यास परदेशी उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० माणसे भारताच्या स्वाधीन झाली. त्यांत पाकिस्तानच्या सैन्यातील व निमलष्करी दलांतील लोकांबरोबर काही नागरिकही होते. त्यांच्या परतपाठवणीस सप्टेंबर १९७३ मध्ये प्रारंभ झाला आणि ती एप्रिल १९७४ मध्ये पूर्ण झाली. त्या युद्धातील विजयाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. विजयानंतर उद्भवलेल्या या कायदेशीर प्रश्नाचा अभ्यास मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. अभ्यासकाने आपल्या राष्ट्राची बाजू समजून घ्यावी हे योग्यच; परंतु ती कायद्याच्या कसोटीवर घासून पाहणे हेही त्याचे काम आहे.

१. दायित्व कोणाप्रती?

करार हा सामान्यतः देवघेवीचा व्यवहार असतो. एका पक्षाने आपला शब्द मोडला तर दुसरा पक्ष आपल्या शब्दातून मोकळा होऊ शकतो. व्यापारविषयक किंवा सरहद्दविषयक तहांना हा न्याय बऱ्याच अंशी लागू पडतो. १२ ऑगस्ट १९४९ रोजी संमत झालेले चार जिनीव्हा करार मात्र या जातीचे नाहीत. पहिला करार रणभूमीवरील जखमी व आजारी सैनिकांसंबंधी, दुसरा सागरी युद्धातील जखमी, आजारी व जहाजफुटीत सापडलेल्या सैनिकांसंबंधी, तिसरा युद्धकैद्यांसंबंधी आणि चौथा नागरिकांसंबंधी आहे. चारही करारांचे पहिले कलम एकच असून, सर्व परिस्थितींत कराराचा आदर करण्याची व इतरांकडूनही तो करविण्याची हमी प्रत्येक राष्ट्र त्यात देते. ‘सर्व परिस्थितींत’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. शत्रूने करार पाळला तरच आम्ही तो पाळू, अशी मुभा त्यांत उरत नाही.

तिसऱ्या करारातील इतर कलमेही याच दिशेने जातात. युद्धकैदी हा शत्रुराष्ट्राच्या स्वाधीन असतो, त्याला पकडणाऱ्या सैनिकाच्या किंवा तुकडीच्या नव्हे, असे बारावे कलम सांगते. म्हणजे त्याच्या वागणुकीची जबाबदारी राष्ट्राची. तेरावे कलम कैद्यांवर सूड म्हणून कोणतीही कृती करण्यास मनाई करते. सातव्या कलमानुसार कैद्याला स्वतःलाही आपल्या हक्कांचा त्याग करता येत नाही. आणि सहाव्या कलमानुसार राष्ट्रांना आपसांत विशेष करार करून ते हक्क कमी करता येत नाहीत. या सर्व कलमांचा एकत्रित विचार केला असता एकच निष्कर्ष निघतो. हे ऋण एका राष्ट्राचे दुसऱ्या राष्ट्राप्रती जितके आहे, त्याहून अधिक ते माणसाप्रती आहे. तहविषयक कायद्यासंबंधीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत नोंदवले. एका पक्षाने तह मोडल्यास दुसऱ्यास तो स्थगित करता येतो, हा नियम मानवतावादी तहांतील व्यक्तिरक्षणाच्या तरतुदींना लागू नाही, असे त्याच्या साठाव्या कलमात म्हटले आहे. तो करार १९८० मध्ये अमलात आला, म्हणून १९७१ च्या घटनांना तो तहाच्या नात्याने लागू नव्हता. परंतु त्यातील हे तत्त्व १९४९ च्या करारांत आधीच अनुस्यूत होते.

२. कलम ११८ ची घडण

युद्धकैद्यांना परत पाठवावे हा नियम १९४९ मध्ये प्रथम निर्माण झाला असे नाही. १९०७ च्या हेग नियमांत तो होता, आणि १९२९ च्या जिनीव्हा करारातही होता. तथापि त्या दोन्ही ठिकाणी परतपाठवणीची वेळ शांततेच्या तहाशी निगडित होती. शस्त्रसंधीच्या अटींतच कैद्यांची व्यवस्था व्हावी अशी अपेक्षा १९२९ च्या कराराने व्यक्त केली होती खरी. पण अंतिम मुदत म्हणून त्याचा रोख शांततेच्या तहाकडेच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या योजनेतील दोष उघड झाला. जर्मनीने १९४५ मध्ये बिनशर्त शरणागती पत्करली, परंतु तिच्याशी शांततेचा तह झाला नाही. लढाई संपली होती, पण कायद्याच्या भाषेत शांतता आली नव्हती. आणि या दोहोंमधील पोकळीत लक्षावधी कैदी अडकून पडले. विजेत्या राष्ट्रांपैकी अनेकांनी त्यांना पुनर्बांधणीच्या कामाला जुंपले. सोव्हिएत संघातील जर्मन कैद्यांच्या अखेरच्या तुकड्या घरी परतण्यास १९५५-५६ साल उजाडले.

१९४९ च्या तिसऱ्या कराराचे एकशे अठरावे कलम या अनुभवातून जन्मास आले. प्रत्यक्ष लढाई थांबल्यानंतर युद्धकैद्यांना विलंब न करता मुक्त करून मायदेशी पाठवावे, असा त्याच्या पहिल्या परिच्छेदाचा आशय आहे. शांततेच्या तहाचा उल्लेख तेथून हेतुपुरस्सर वगळण्यात आला. दुसरा परिच्छेद त्याहून महत्त्वाचा आहे. लढाई थांबविण्याविषयीच्या करारात परतपाठवणीची तरतूद नसेल, किंवा असा करारच झाला नसेल, तर कैदी ज्याच्या स्वाधीन आहेत त्या राष्ट्राने स्वतःच योजना तयार करून ती अविलंब अमलात आणावी, असे तो सांगतो. करार झाला नाही ही सबब या परिच्छेदाने आधीच खोडून काढली आहे. दायित्व एकपक्षीय आहे, हे याहून स्पष्ट शब्दांत सांगणे कठीण.

या कलमाची पहिली मोठी कसोटी कोरियाच्या युद्धात लागली. तेथील प्रश्न उलट दिशेने उपस्थित झाला. हजारो कैदी मायदेशी जाण्यासच तयार नव्हते. राष्ट्राने मागणी केली म्हणून माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध परत पाठवावे काय? भारताने पुढाकार घेऊन मांडलेल्या प्रस्तावाच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५२ रोजी ठराव केला, आणि परतपाठवणीसाठी बळाचा वापर होऊ नये हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर तटस्थ राष्ट्रांचा जो आयोग स्थापन झाला त्याचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते. आणि परत जाण्यास नाखूश असलेल्या २२,००० हून अधिक कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. अठरा वर्षांनंतरच्या प्रसंगाकडे पाहताना हा इतिहास विसरता कामा नये. कैदी हा दोन सरकारांमधील हिशेबातील रक्कम नसून स्वतंत्र हक्क असलेली व्यक्ती आहे, ही भूमिका जगापुढे मांडणाऱ्या राष्ट्रांत भारत अग्रभागी होता.

३. १९७१ ते १९७४ : घटनाक्रम

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. ती शरणागती पूर्व आघाडीवरील भारतीय व बांगलादेशी सैन्यांचे प्रमुख या नात्याने लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी स्वीकारली. शरण येणाऱ्यांना जिनीव्हा करारांनुसार सैनिकास शोभेल अशी सन्मानाची वागणूक दिली जाईल, अशी हमी त्या दस्तऐवजातच नमूद आहे. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही लढाई थांबली. २१ डिसेंबर रोजी सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ३०७ संमत करून, जखमी, युद्धकैदी व नागरिक यांच्या संरक्षणासंबंधीचे जिनीव्हा करार संपूर्णपणे पाळावेत असे सर्व संबंधितांना आवाहन केले.

२ जुलै १९७२ रोजी श्रीमती इंदिरा गांधी व झुल्फिकार अली भुट्टो यांनी सिमला करारावर सह्या केल्या. त्यात युद्धकैदी व स्थानबद्ध नागरिक यांच्या परतपाठवणीचा प्रश्न पुढील वाटाघाटींच्या विषयांत घालण्यात आला. जम्मू-काश्मीरचा अंतिम निर्णय व राजनैतिक संबंधांची पुनःस्थापना हे विषयही त्याच यादीत होते. पश्चिम आघाडीवर पकडलेल्या कैद्यांची अदलाबदल १९७२ च्या अखेरीस झाली. पूर्वेकडील कैद्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण त्यात बांगलादेश हा तिसरा पक्ष होता आणि पाकिस्तानने त्या राष्ट्राला मान्यता दिलेली नव्हती. २५ ऑगस्ट १९७२ रोजी चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश रोखला, त्यामुळे ही कोंडी अधिकच घट्ट झाली.

१७ एप्रिल १९७३ रोजी भारत व बांगलादेश यांनी संयुक्त निवेदन काढून मार्ग सुचवला. युद्धकैदी, पाकिस्तानात अडकलेले बंगाली आणि बांगलादेशातून पाकिस्तानात जाऊ इच्छिणारे लोक यांची परतपाठवणी एकाच वेळी व्हावी, असा तो प्रस्ताव होता. खटल्यांसाठी हव्या असलेल्या कैद्यांना त्यातून वगळण्यात आले. वंशसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, खून, बलात्कार इत्यादी आरोपांखाली १९५ जणांवर खटले भरण्याचा आपला निर्णय बांगलादेशाने त्याच सुमारास जाहीर केला. २८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्ली येथे भारताच्या वतीने पी. एन. हक्सर व पाकिस्तानच्या वतीने अझीझ अहमद यांनी करार केला आणि तीन दिशांची परतपाठवणी सुरू झाली. १९५ जण तूर्त भारतातच राहावयाचे होते. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात, क्षमाशीलतेचे पाऊल म्हणून खटले चालवले जाणार नाहीत असे बांगलादेशाने मान्य केले, आणि ते १९५ जणही इतरांबरोबर परत गेले.

४. भारताच्या भूमिकेचे परीक्षण

भारताच्या बाजूने मुख्यतः तीन युक्तिवाद मांडले गेले. ते केवळ सबबी होत्या असे मानणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

पहिला युक्तिवाद संयुक्त सेनापतित्वाचा. शरणागती भारत व बांगलादेश यांच्या संयुक्त सैन्यापुढे झाली, सबब बांगलादेशाच्या संमतीवाचून कैदी सोडता येत नाहीत, असे भारताचे म्हणणे होते. वस्तुस्थिती म्हणून हे खरेच होते. मित्रराष्ट्राच्या संमतीविना एकट्याने निर्णय घेणे राजकीय दृष्ट्या अशक्य होते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु बारावे कलम जबाबदारी टाकते ती कैदी ज्याच्या स्वाधीन आहेत त्या राष्ट्रावर. छावण्या भारताच्या भूमीवर होत्या, पहारा भारतीय सैन्याचा होता. बांगलादेशही स्वतः या करारांना बांधील झाला होता. तेव्हा कलम ११८ चे बंधन त्याच्या संमतीलाही लागू होते. दोन राष्ट्रांचा संयुक्त ताबा असला तर दायित्व दोघांचे होते. ते दोघांच्या मधून गळून पडत नाही.

दुसरा युक्तिवाद, लढाई पुन्हा पेटण्याच्या भयाचा. एवढे प्रशिक्षित सैन्य परत गेल्यास पाकिस्तानची युद्धक्षमता एकदम वाढेल आणि टिकाऊ शांततेची हमी नसताना हा धोका पत्करता येणार नाही, असे म्हटले जात होते. १९७२ च्या पहिल्या सहामाहीत या म्हणण्यात काही वजन होते. सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी होती, आणि लढाईतील क्षणिक विराम व तिची समाप्ती यांतील भेद कायद्यालाही मान्य आहे. परंतु सिमला करारानंतर, विशेषतः डिसेंबर १९७२ मध्ये नियंत्रणरेषा आखली जाऊन सैन्ये मागे घेतली गेल्यानंतर, प्रत्यक्ष लढाई थांबलेली नाही असे म्हणणे दुर्घट झाले. भविष्यातील युद्धाची शक्यता हे कारण मान्य करावयाचे ठरवले, तर शेजारच्या कोणत्याही दोन राष्ट्रांमध्ये कैदी कधीच सुटणार नाहीत. आणि १९२९ च्या करारातील जो दोष दूर करण्यासाठी हे कलम लिहिले गेले, तोच दोष मागच्या दाराने परत येईल.

तिसरा युक्तिवाद खटल्यांचा. याला कराराचा स्पष्ट आधार आहे. ज्यांच्यावर फौजदारी खटला चालू आहे अशा कैद्यांना तो पुरा होईपर्यंत, आणि शिक्षा झाल्यास ती भोगून होईपर्यंत, रोखून धरता येते, असे कलम ११९ सांगते. परंतु हा अपवाद व्यक्तिशः आहे. १९५ जणांविरुद्धच्या आरोपांमुळे उरलेल्यांना अडकवून ठेवण्याचे समर्थन त्यातून निघू शकत नाही. शिवाय कलमाची भाषा खटला प्रत्यक्ष दाखल झाल्याची अपेक्षा करते. केवळ खटला भरण्याचा इरादा त्याला पुरत नाही.

पाकिस्तानची बाजू या विशिष्ट मुद्द्यावर सबळ होती, असा निष्कर्ष यातून निघतो. मात्र तिचीही मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. कलम ११८ चा निःशर्त आग्रह धरणाऱ्या त्याच सरकारने आपल्या देशातील बंगाली नागरिकांना व अधिकाऱ्यांना परत जाऊ देण्याचे लांबणीवर टाकले होते. परस्परतेच्या तत्त्वाचा त्याग दोन्ही पक्ष शब्दांनी करीत होते आणि कृतीने त्याचाच आश्रय घेत होते.

५. दुसरे ऋण : न्यायाचे

आतापर्यंत मुक्ततेच्या दायित्वाचा विचार झाला. परंतु जिनीव्हा करार राष्ट्रावर आणखी एक दायित्व टाकतात. तिसऱ्या कराराच्या कलम १२९ नुसार कराराचा गंभीर भंग करणाऱ्या व्यक्तींचा शोध घेऊन त्यांना आपल्या न्यायालयापुढे उभे करणे, किंवा खटला चालवू इच्छिणाऱ्या दुसऱ्या राष्ट्राच्या हवाली करणे, हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य आहे. कलम १३१ तर असे सांगते की, गंभीर भंगाबद्दलच्या जबाबदारीतून कोणतेही राष्ट्र स्वतःला किंवा दुसऱ्याला मुक्त करू शकत नाही.

येथे एक कायदेशीर अडचण होती, तिचाही उल्लेख आवश्यक आहे. गंभीर भंगासंबंधीच्या तरतुदी आंतरराष्ट्रीय सशस्त्र संघर्षाला लागू पडतात. पूर्व बंगालमध्ये २५ मार्च १९७१ नंतर जे घडले, ते बऱ्याच काळापर्यंत एका राष्ट्राच्या अंतर्गत संघर्षाचे रूप धारण करून होते. त्याला चारही करारांचे समान असे तिसरे कलम लागू होते. त्या कलमाने खून, छळ, ओलीस ठेवणे इत्यादींना मनाई केली आहे, परंतु गुन्हेगारांवर खटले भरण्याची सक्ती त्यात नाही. म्हणून बांगलादेशाच्या आरोपांचा भर वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे यांवरही होता. वंशसंहाराविषयीच्या १९४८ च्या कराराचे सहावे कलम, गुन्हा ज्या भूमीवर घडला तेथील सक्षम न्यायालयाला खटला चालविण्याचा अधिकार देते. बांगलादेशाने जुलै १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण स्थापण्याचा कायदाही केला. कायद्याची वाट बिकट होती, पण बंद नव्हती.

तरीही खटले झाले नाहीत. त्रिपक्षीय करारात, झालेल्या गुन्ह्यांविषयी पाकिस्तानने निषेध व खेद व्यक्त केला. पाकिस्ताननेच नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाने काही वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाई सुचवली होती. परंतु त्या १९५ पैकी कोणावरही खटला चालला नाही. १९७३ च्या त्याच कायद्याखाली बांगलादेशात २०१० मध्ये न्यायाधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्यापुढे उभे राहिले ते स्थानिक साहाय्यक.

या सर्व प्रकरणाचा हिशेब मांडला तर एक विपरीत चित्र दिसते. ज्या हजारोंना कायद्याने लवकर सोडावयास हवे होते ते दीर्घकाळ अडकून राहिले. आणि ज्या थोड्यांचा न्याय व्हावयास हवा होता ते न्यायावाचून सुटले. या दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या नाहीत. हजारोंची मुक्तता आणि थोड्यांवरील खटले ही दोन्ही दायित्वे एकाच वाटाघाटीच्या तराजूत पडली, आणि तराजूत पडलेली वस्तू शेवटी कशाच्या तरी बदल्यात द्यावी लागते. कैदी सुटले ते नागरिकांच्या अदलाबदलीच्या व्यवहारात. खटले सुटले ते मान्यतेच्या आणि सलोख्याच्या व्यवहारात. उपखंडातील शांततेसाठी हे आवश्यक होते, असे मत मांडता येईल, आणि ते विचारार्ह आहे. परंतु त्याची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. ती किंमत दोन्ही वेळा वाटाघाटीच्या मेजावर नसलेल्या माणसांनी चुकवली : एकदा छावणीतील सामान्य शिपायाने, आणि दुसऱ्यांदा अत्याचारांना बळी पडलेल्या बंगाली कुटुंबांनी.

६. दाद कोठे मागावी?

दायित्व आहे, पण ते पाळले न गेल्यास दाद मागण्याचे ठिकाण कोणते? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा मार्ग पाकिस्तानने चोखाळून पाहिला. ११ मे १९७३ रोजी त्याने भारताविरुद्ध अर्ज केला. १९५ कैद्यांना बांगलादेशाच्या हवाली करू नये, हा त्याचा मुख्य रोख होता. जिनीव्हा करारांत वाद या न्यायालयाकडे सोपविण्याची सक्तीची तरतूद नसल्यामुळे वंशसंहाराविषयीच्या कराराच्या नवव्या कलमाचा आधार घ्यावा लागला. आणि त्या कलमाबाबत भारताने आधीच अशी शर्त नोंदवली होती की सर्व संबंधित पक्षांच्या संमतीवाचून वाद न्यायालयाकडे जाऊ नये. न्यायालयाला अधिकारच नाही अशी भूमिका घेऊन भारत सुनावणीस उपस्थित राहिला नाही. पुढे वाटाघाटींना गती आली, पाकिस्तानने अर्ज मागे घेतला, आणि १५ डिसेंबर १९७३ च्या आदेशाने प्रकरण न्यायालयाच्या यादीतून काढून टाकण्यात आले. मूळ प्रश्नावर एक शब्दही उच्चारला गेला नाही.

देशांतर्गत न्यायालयाचा मार्ग काय होता? भारताने ९ नोव्हेंबर १९५० रोजी जिनीव्हा करारांचे अनुसमर्थन केले आणि १९६० मध्ये त्यासंबंधीचा अधिनियम संमत केला. त्या अधिनियमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी गोव्याच्या एका प्रकरणात लावला. मोन्तेरो विरुद्ध गोवा राज्य या नावाने ते ओळखले जाते. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त होऊन भारतात समाविष्ट झाल्यावर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवणाऱ्या एका धर्मगुरूंना, परवान्याची मुदत संपल्यावरही देशात राहिल्याबद्दल शिक्षा झाली होती. व्याप्त प्रदेशातील संरक्षित व्यक्तीस हद्दपार करता येत नाही, या चौथ्या कराराच्या तरतुदीचा त्यांनी आश्रय घेतला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेल्या निकालात दोन गोष्टी ठरल्या. सामिलीकरणानंतर गोवा हा व्याप्त प्रदेश राहिला नाही, म्हणून ते संरक्षण संपले, ही पहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी अधिक महत्त्वाची : १९६० चा अधिनियम गंभीर भंगांना शिक्षा सांगतो, परंतु करारांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा स्वतंत्र हक्क तो व्यक्तीला देत नाही. याच अधिनियमाचे कलम १७ असेही सांगते की, त्याखालील गुन्ह्याची दखल सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरूनच न्यायालयाने घ्यावी.

म्हणजे दोन वर्षांनंतर भारतीय छावण्यांत आलेल्या युद्धकैद्याला केवळ कलम ११८ च्या आधारे आपल्या न्यायालयांकडे जाण्याचा मार्ग नव्हता. ज्या राष्ट्रावर दायित्व, त्याच्याच हाती त्या दायित्वाच्या अंमलबजावणीची किल्ली, अशी ही रचना आहे. बाहेरून पाहणारी नजर उरते ती बहुतांशी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची. कलम १२६ अन्वये तिच्या प्रतिनिधींना छावण्यांना भेटी देण्याचा आणि साक्षीदारांवाचून कैद्यांशी बोलण्याचा अधिकार आहे.

७. समारोप

१९७४ नंतर कायदा जेथे होता तेथेच थांबला असे नाही. १९७७ च्या पहिल्या जोडकराराने युद्धकैद्यांच्या परतपाठवणीतील असमर्थनीय विलंबास गंभीर भंगांच्या यादीत स्थान दिले. भारताने मात्र त्या जोडकराराचे अनुसमर्थन केलेले नाही. एरिट्रिया व इथिओपिया यांच्या युद्धानंतर नेमलेल्या दावे आयोगाने २००३ मध्ये इथिओपियाला परतपाठवणीतील विलंबाबद्दल जबाबदार धरले. त्याच निवाड्यात, या बाबतीत प्रत्येक पक्षाचे वर्तन दुसऱ्याच्या वर्तनाशी स्थूलमानाने सुसंगत असावे अशी अपेक्षा रास्त आहे, असेही आयोगाने म्हटले. परस्परतेचे तत्त्व पुढच्या दाराने हाकलले तरी व्यवहारात ते खिडकीतून डोकावत राहते, याची ही कबुलीच होय. म्हणून प्रश्न अद्याप मिटलेला नाही, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यात संशोधनास पुष्कळ अवकाश आहे.

हा प्रश्न केवळ परक्या कैद्यांचा नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, अशी भारत सरकारची धारणा राहिली आहे. पाकिस्तानने ते सातत्याने नाकारले आहे. २००७ मध्ये काही नातेवाइकांनी पाकिस्तानातील तुरुंगांना भेटी दिल्या, परंतु हाती काही लागले नाही. तिसऱ्या कराराच्या सत्तराव्या कलमात कैद्याने पकडले जाताच, किंवा छावणीत पोहोचल्यापासून फार तर आठवड्याच्या आत, घरी पाठवावयाच्या पत्राची तरतूद आहे. कलम १२२ मध्ये प्रत्येक राष्ट्राने युद्धारंभीच माहिती कार्यालय उघडावे असे सांगितले आहे. वाचताना ही कलमे रुक्ष कारकुनी वाटतात. ज्या घरात पन्नास वर्षे वाट पाहिली गेली, तेथे त्यांचा अर्थ वेगळा आहे.

सध्या १९६ राष्ट्रे जिनीव्हा करारांना बांधील आहेत. इतकी व्यापक मान्यता फार थोड्या तहांना लाभली आहे. मान्यतेचा अभाव हा या कायद्याचा दुबळेपणा नव्हे. दायित्व स्वीकारूनही ते सौद्याचे साधन म्हणून हाताशी ठेवण्याची प्रवृत्ती हा त्याचा खरा दुबळेपणा आहे. १९७१ च्या शरणागतीच्या दस्तऐवजात भारताने जो शब्द दिला, तो पराभूत सेनापतीला दिलेला असला तरी त्याचे धनी ते सारे सैनिक होते. कराराचा मजकूर हे ऋण निःशर्त मानतो. ज्या राष्ट्राने कोरियात कैद्याची इच्छा सरकारच्या मागणीहून वर ठेवली, त्या राष्ट्राच्या विद्यापीठांत तरी कलम ११८ याच अर्थाने शिकवले जावे.